मूत्रपिंडातील कर्करोग: संपूर्ण मूत्रपिंड काढावे की फक्त गाठ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६२, मधुमेह बऱ्याच वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू. पित्ताशयातील खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती ३.८ सेंटिमीटरची, मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाशी, निम्म्याहून अधिक बाहेर आलेली आणि कर्करोगाची असण्याची दाट शक्यता असलेली निघाली. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, १.३ आहे. एका शल्यचिकित्सकांनी संपूर्ण मूत्रपिंड काढायला सांगितले, दुसऱ्यांनी फक्त गाठ काढून मूत्रपिंड राखता येईल असे सांगितले. घरच्यांच्या मनात दोन शंका आहेत: मूत्रपिंड वाचवण्याच्या नादात कर्करोग आत राहून गेला तर काय, आणि माणूस एका मूत्रपिंडावर आयुष्य काढू शकतो, तर मग दुसरे वाचवण्याचा एवढा आटापिटा कशासाठी?

या विशिष्ट रुग्णापुरते बोलायचे तर माझे मत दुसऱ्या शल्यचिकित्सकांच्या बाजूचे आहे. ४ सेंटिमीटरपेक्षा लहान, टोकाशी आणि बाहेरच्या अंगाला असलेली गाठ, सोबत मधुमेह आणि रक्तदाब, ही मूत्रपिंड राखून शस्त्रक्रिया करण्याची जवळजवळ आदर्श परिस्थिती आहे. मात्र हे मत का बनते आणि कोणत्या परिस्थितीत ते बदलेल, हे समजून घेतल्याशिवाय ते स्वीकारू नये, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी संपूर्ण मूत्रपिंड काढण्याचा आग्रह कुठून आला ते पाहू. १९६० च्या दशकात रॉब्सन या शल्यचिकित्सकांनी मूत्रपिंड, त्याभोवतीची चरबी, तिच्यावरचे आवरण आणि वरची अधिवृक्क ग्रंथी असे सगळे एकसंध काढण्याची पद्धत मांडली आणि तिचे निकाल त्या काळच्या इतर पद्धतींपेक्षा चांगले आल्यामुळे पुढची काही दशके तीच प्रमाण मानली गेली. त्या काळी सीटी स्कॅन नव्हता आणि सोनोग्राफी सर्रास होत नव्हती. लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे किंवा पोटात हाताला गोळा लागणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण येत, आणि तोवर गाठ इतकी वाढलेली असे की वाचवण्यासारखे मूत्रपिंड फारसे उरलेलेच नसे. पुढे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन घरोघरी पोचले आणि वेगळ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत दोन-तीन सेंटिमीटरच्या, कोणताही त्रास नसलेल्या गाठी सापडू लागल्या. आजाराचे हे रूप वेगळे होते, तरी शस्त्रक्रिया मात्र बरीच वर्षे जुनीच चालू राहिली. फक्त गाठ काढण्याची कल्पना काही नवीन नव्हे. जर्मनीत चेर्नी या शल्यचिकित्सकांनी १८८७ मध्येच मूत्रपिंडातील गाठीसाठी अशी आंशिक शस्त्रक्रिया केली होती. पण रक्तस्राव आणि लघवीची गळती यांमुळे ती मागे पडली आणि ज्यांचे एकच मूत्रपिंड शिल्लक आहे किंवा ज्यांच्या दोन्ही बाजूंना गाठी आहेत, अशा नाइलाजाच्या रुग्णांपुरती उरली. याच नाइलाजाच्या रुग्णांनी पुढे सर्वांचे डोळे उघडले. त्यांच्यात कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले, आणि मग दुसरे मूत्रपिंड धडधाकट असलेल्यांनाही हाच मार्ग का देऊ नये, असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

आता पहिल्या शंकेकडे वळतो, म्हणजे कर्करोग मागे राहण्याकडे. मूत्रपिंडाच्या पेशींपासून होणारी गाठ लहान असते तेव्हा ती सहसा आजूबाजूच्या निरोगी भागात मुळे पसरवत जात नाही. ती वाढताना शेजारच्या भागाला दाबत जाते, आणि त्या दाबलेल्या भागाचा गाठीभोवती एक पातळ तंतुमय पापुद्रा तयार होतो. शस्त्रक्रियेत या पापुद्र्याच्या बाहेरून, निरोगी भागाची पातळ कड सोबत घेऊन गाठ काढली जाते. पूर्वी ही कड चांगली एक सेंटिमीटरची असावी असा दंडक होता. नंतर लक्षात आले की कडेची जाडी किती आहे यापेक्षा कड स्वच्छ आहे की नाही हे महत्त्वाचे आहे, आणि काही मिलिमीटरची स्वच्छ कडसुद्धा पुरते. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये, ज्यांना वैद्यकीय भाषेत टी-१-ए म्हणतात, फक्त गाठ काढलेल्या आणि संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या रुग्णांच्या कर्करोगविषयक निकालांत लक्षणीय फरक आढळत नाही. म्हणूनच जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे या आकाराच्या गाठींसाठी, जिथे तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे, मूत्रपिंड राखण्याच्या शस्त्रक्रियेला प्राधान्य देतात. ४ ते ७ सेंटिमीटरच्या गाठींमध्येही, गाठीची जागा अनुकूल असेल आणि हात सरावलेला असेल तर, हा मार्ग मान्य आहे. त्यापुढे मात्र प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि तिच्याकडे बहुतेक वेळा घाईने पाहिले जाते. "दुसरे मूत्रपिंड चांगले आहे ना, मग काळजी नको," हे वाक्य सल्लागाराच्या खोलीत फार सहज बोलले जाते आणि त्याच्या पाठिंब्यासाठी मूत्रपिंडदात्यांचे उदाहरण दिले जाते. दाता एक मूत्रपिंड देऊनही दीर्घकाळ निरोगी राहतो हे खरे. परंतु दाता निवडताना मधुमेह, लघवीतून जाणारी प्रथिने, मूत्रपिंडाची कमी क्षमता असे काहीही असलेली व्यक्ती आधीच वगळलेली असते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा रुग्ण याच्या अगदी उलट असतो. वाढते वय, धूम्रपान, स्थूलपणा आणि उच्च रक्तदाब ही या कर्करोगाची जोखीम वाढवणारी कारणे आहेत, आणि तीच कारणे मूत्रपिंडालाही झिजवतात. त्यामुळे जे "चांगले" मूत्रपिंड आपण मागे ठेवणार असतो ते पुष्कळदा आधीच थकलेले असते.

हे थकलेपण क्रिएटिनिनच्या आकड्यात चटकन दिसत नाही. तुमच्या वडिलांचा अहवाल पुन्हा हातात घ्या. १.३ या आकड्यापुढे बहुतेक प्रयोगशाळा लाल खूण करत नाहीत, आणि "किडनी नॉर्मल आहे" असे सांगून रुग्णाला पाठवले जाते. पण वय ६२ आणि पुरुष हे धरून याच आकड्यावरून गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढली तर ती मिनिटाला सुमारे ६२ मिलिलिटर येते. ६० च्या खाली ती तीन महिन्यांहून अधिक काळ राहिली की दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. म्हणजे सर्वसाधारण दिसणाऱ्या अहवालाचा हा रुग्ण उंबरठ्यावर उभा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रातील अभ्यासकांनी २००६ मध्ये असे ६६२ रुग्ण तपासले, ज्यांची दोन्ही मूत्रपिंडे शाबूत आणि क्रिएटिनिन सामान्य होते. त्यांपैकी २६ टक्के रुग्णांची गाळणक्षमता शस्त्रक्रियेच्या आधीच ६० पेक्षा कमी होती. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी ही क्षमता ६० च्या खाली न गेलेल्यांचे प्रमाण फक्त गाठ काढलेल्यांमध्ये ८० टक्के होते, तर संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्यांमध्ये ३५ टक्के. हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

एक मूत्रपिंड गेल्यावर दुसरे आपले काम वाढवते, आकारानेही थोडे मोठे होते, आणि तरुण निरोगी माणसात ही भरपाई चांगली होते. परंतु वाढलेला भार उरलेल्या गाळणी-गुच्छांवर पडतो, त्यांतील दाब वाढतो, आणि जिथे मधुमेहाने ते गुच्छ आधीच कमकुवत केलेले असतात तिथे ते लवकर झिजू लागतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी क्रिएटिनिनबरोबर लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करून घ्यावी असा माझा आग्रह असतो. स्वस्तातली आणि साधी तपासणी आहे, पण सल्ल्याची दिशा बदलू शकते. दोन्ही मूत्रपिंडांच्या कामात तफावत असल्याची शंका असेल तर किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने केलेला रीनल स्कॅन प्रत्येक बाजूचा वाटा वेगळा करून दाखवतो. डावे मूत्रपिंड सत्तर टक्के काम करत असेल तर उजव्याबद्दलचा निर्णय एक होतो, आणि ते तीसच टक्के करत असेल तर अगदी वेगळा.

इथे माझ्याच मताच्या विरोधात जाणारा एक पुरावा तुमच्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण तो अनेकदा दडवला जातो किंवा उलट अर्ध्याच स्वरूपात सांगितला जातो. या विषयावर रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून केलेली मोठी चाचणी एकच आहे. ती युरोपातील ईओआरटीसी या कर्करोग-संशोधन संस्थेने केली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ५ सेंटिमीटरपर्यंतच्या एकट्या गाठीचे ५४१ रुग्ण तीत होते. दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्यांमध्ये ८१.१ टक्के आणि मूत्रपिंड राखलेल्यांमध्ये ७५.७ टक्के आढळले, म्हणजे अपेक्षेच्या उलट. मात्र एकूण ११७ मृत्यूंपैकी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने झालेले फक्त १२ होते. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली होती आणि काही रुग्णांवर प्रत्यक्षात दुसऱ्याच गटातील शस्त्रक्रिया झाली होती. याच चाचणीच्या पुढील विश्लेषणात गाळणक्षमता ६० च्या खाली गेलेल्यांचे प्रमाण संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्यांत ८५.७ टक्के आणि राखलेल्यांत ६४.७ टक्के निघाले, पण १५ च्या खाली, म्हणजे डायलिसिसच्या टप्प्यापर्यंत गेलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, दीड टक्क्याच्या आसपास होते.

या आकड्यांतून मी काढलेला अर्थ असा. दुसरे मूत्रपिंड खरोखर निरोगी आहे, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, लघवीत प्रथिने नाहीत, अशा रुग्णात संपूर्ण मूत्रपिंड काढणे हा अन्याय नव्हे. तिथे मूत्रपिंड राखण्याचा फायदा मर्यादित असू शकतो, आणि गाठ अवघड जागी असेल तर तो फायदा शस्त्रक्रियेच्या धोक्यात वाहून जाऊ शकतो. शस्त्रक्रियेमुळे कमी झालेली क्षमता आणि रोगामुळे सतत घटत जाणारी क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका पायरीने खाली येते आणि पुष्कळदा तिथे स्थिरावते. दुसरी उतारावरच असते. ज्याच्यात दोन्ही एकत्र येणार आहेत, त्याच्यासाठी मूत्रपिंडाचा प्रत्येक तुकडा मोलाचा आहे. तुमचे वडील या दुसऱ्या वर्गात बसतात, आणि माझ्या मताचा आधार गाठीच्या आकारापेक्षा हा आहे.

गाठ किती मोठी आहे हे सगळे विचारतात, ती कुठे आहे हे फारसे कुणी विचारत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या दृष्टीने जागा अधिक महत्त्वाची. सीटी स्कॅनची चित्रे पाहताना आम्ही गाठीचा व्यास, ती किती बाहेर आणि किती आत आहे, लघवी साठवणाऱ्या आतल्या पोकळीपासून तिचे अंतर, ती पुढच्या बाजूला आहे की मागच्या, आणि मूत्रपिंडाच्या वरच्या-खालच्या टोकांच्या रेषांच्या तुलनेत तिचे स्थान, हे पाच मुद्दे तपासतो. २००९ मध्ये यांवर आधारित गुणांकन पद्धत मांडली गेली. पुढे-मागे या मुद्द्याला गुण नसतात, नुसते अक्षर लिहितात. उरलेल्या चार मुद्द्यांच्या बेरजेत ४ ते ६ गुण म्हणजे सोपी, ७ ते ९ म्हणजे मध्यम आणि १० ते १२ म्हणजे गुंतागुंतीची गाठ. खालच्या टोकाशी, निम्म्याहून अधिक बाहेर असलेली ३.८ सेंटिमीटरची गाठ बहुधा सोप्या गटात येईल, आणि ती आतल्या पोकळीच्या अगदी जवळ असेल तर सोप्या आणि मध्यमच्या सीमेवर. उलट दोनच सेंटिमीटरची, पण पूर्णपणे आत दडलेली आणि मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटलेली गाठ अनुभवी शल्यचिकित्सकालाही घाम फोडते. तुमच्या शल्यचिकित्सकांना हा गुणांक विचारा. ज्यांनी चित्रे स्वतः बारकाईने पाहिली आहेत त्यांना तो सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ज्यांनी फक्त छापील अहवाल वाचला आहे ते इथे अडखळतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय होते हे समजले की जोखीम कशात आहे तेही समजते. हृदयाकडून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. त्यामुळे चालू रक्तप्रवाहात मूत्रपिंड कापले तर काही क्षणांत सगळे लाल होऊन गाठीची कड दिसेनाशी होते. म्हणून आधी मुख्य धमनी मोकळी करून तिच्याभोवती पट्टी घातली जाते. मग मूत्रपिंडावरची चरबी बाजूला सारून गाठ उघडी केली जाते, मात्र गाठीवरची चरबी तशीच ठेवतात, कारण कर्करोग तिच्यात शिरला आहे का हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असते. सोनोग्राफीचे छोटे उपकरण थेट मूत्रपिंडावर ठेवून गाठीची खोली मोजतात आणि विद्युत्-उपकरणाने पृष्ठभागावर कापण्याची रेषा आखतात. सुया, टाके, क्लिपा सगळे हाताशी आहे याची खात्री झाल्यावरच धमनीवर चिमटा लावला जातो आणि खोलीतले कुणीतरी मोठ्याने वेळ सांगू लागते. मूत्रपिंडाचा तांबूस रंग फिकट होतो, ते मऊ पडते. गाठ कापून काढायला काही मिनिटेच लागतात. खरा वेळ जातो तो उघड्या पडलेल्या खड्ड्याच्या तळाशी दिसणारी धमन्यांची तोंडे आणि आतली पोकळी उघडली असल्यास ती टाक्यांनी बंद करण्यात. तळ शिवून झाला की चिमटा काढतात, रक्तस्राव कुठून होतो आहे ते पाहतात आणि मग खड्ड्याच्या दोन्ही कडा टाक्यांनी जवळ आणतात.

चिमटा किती वेळ राहिला याची चर्चा फार होते. शरीराच्या उष्णतेतच रक्त बंद ठेवायचे असेल तर २५ मिनिटांच्या आत काम उरकावे असा सर्वसाधारण संकेत आहे. जास्त वेळ लागणार असे आधीच दिसत असेल तर मूत्रपिंड बर्फाच्या चुऱ्यात थंड करून ही मर्यादा वाढवता येते. काही वेळा मुख्य धमनीऐवजी गाठीकडे जाणारी एखादी शाखाच बंद केली जाते, तर अगदी बाहेरच्या गाठींमध्ये चिमटा न लावताही काम होते. माझे निरीक्षण असे आहे की मिनिटांच्या या मोजणीत एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. मर्यादेच्या आत असलेल्या पाच-सात मिनिटांच्या फरकापेक्षा निरोगी मूत्रपिंड किती शिल्लक राहिले आणि टाक्यांच्या विळख्यात किती आवळले गेले, यावर पुढची क्षमता अधिक अवलंबून असते. मूत्रपिंडाच्या धमनीच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या नसतात. टाक्यात एक शाखा सापडली तर तिच्यावर अवलंबून असलेला पाचरीच्या आकाराचा भाग निकामी होतो, त्याला दुसरीकडून रक्त मिळत नाही. म्हणून घड्याळाच्या भीतीने घातलेले घाईचे, खोल टाके महागात पडतात.

उघडी शस्त्रक्रिया, दुर्बिणीतून की रोबोटच्या साहाय्याने, या प्रश्नावर मी थोडक्यातच बोलेन, कारण त्याला जाहिरातींनी नको इतके महत्त्व आले आहे. कर्करोगाच्या दृष्टीने तिन्ही मार्गांचे निकाल सारखे आहेत. छोट्या छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत दुखणे कमी, रक्त कमी जाते आणि माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. आत वळणाऱ्या मनगटासारख्या अवजारांमुळे रोबोटने टाके घालणे सोपे जाते, आणि वेळेच्या दडपणाखालील या शस्त्रक्रियेत त्याचा खरा उपयोग आहे. परंतु रोबोटने संपूर्ण मूत्रपिंड काढण्यापेक्षा उघड्या शस्त्रक्रियेने मूत्रपिंड राखणे तुमच्या वडिलांसाठी अधिक हिताचे आहे, हे लक्षात असू द्या. छेद लहान ठेवण्यासाठी मूत्रपिंड गमावणे हा उलटा हिशेब आहे.

धोके आहेत, आणि संपूर्ण मूत्रपिंड काढण्यापेक्षा ते थोडे अधिक आहेत, हे मान्य करूनच पुढे जावे. लघवीची गळती झाली तर ती बहुतेक वेळा मूत्रनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालून काही आठवड्यांत थांबते. ज्या धोक्याबद्दल घरच्यांना मुद्दाम सांगून ठेवावे लागते तो म्हणजे उशिरा होणारा रक्तस्राव. कापलेल्या जागी एखाद्या धमनीच्या भिंतीला फुगा येतो आणि तो साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, रुग्ण घरी बरा होत असतानाच, लघवीच्या पोकळीत फुटतो. शंभरांत एक-दोघांनाच असे होते, पण होते तेव्हा चिन्हे ठळक असतात: एकाएकी लालभडक लघवी, रक्ताच्या गुठळ्या, कुशीत कळ, चक्कर. अशा वेळी "शस्त्रक्रियेनंतर थोडे रक्त जायचेच" असे समजून सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री अशा रुग्णालयात जावे जिथे जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवून नेमकी ती धमनी आतून बंद करण्याची सोय आहे. या उपायाने पुन्हा पोट उघडावे लागत नाही आणि मूत्रपिंडही बहुधा वाचते. शस्त्रक्रिया कुठे करायची हे ठरवताना ही सोय तिथे चोवीस तास आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होते.

मूत्रपिंड राखण्याचा हट्ट कुठे सोडावा, तेही सांगायला हवे. गाठ मुख्य शिरेत शिरली असेल, मूत्रपिंडाचा बहुतांश भाग तिने व्यापला असेल, गाठ काढल्यावर उरणारा भाग नावापुरताच असेल, किंवा चित्रांत गाठीच्या कडा अस्पष्ट आणि शेजारच्या भागात घुसणाऱ्या दिसत असतील, तर संपूर्ण मूत्रपिंड काढणेच योग्य. शस्त्रक्रियेपूर्वी राखण्याचे ठरवूनही आत गेल्यावर निर्णय बदलावा लागू शकतो, आणि संमतिपत्रावर सही करताना ही शक्यता रुग्णाला स्पष्टपणे सांगितलेली असली पाहिजे. अतिशय वृद्ध, हृदयविकाराने खंगलेल्या रुग्णात दोन तासांची गुंतागुंतीची शस्त्रक्रिया करण्यापेक्षा सुटसुटीत शस्त्रक्रिया, किंवा मुळीच शस्त्रक्रिया न करणे, कधीकधी शहाणपणाचे ठरते.

मुळीच न करण्याचा हा पर्याय रुग्णांना धक्का देतो. पण ४ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक कर्करोगाची नसतेच. ऑन्कोसायटोमा किंवा चरबी कमी असलेली अँजिओमायोलिपोमा या निरुपद्रवी गाठी सीटी स्कॅनमध्ये कर्करोगासारख्याच दिसू शकतात. ज्या कर्करोगाच्या असतात त्याही सरासरी वर्षाला सुमारे ३ मिलिमीटरच्या गतीने वाढतात आणि या आकारात असताना त्या इतरत्र पसरण्याचे प्रमाण फार कमी असते. म्हणून वयस्क किंवा इतर आजारांनी त्रस्त रुग्णांत ठरावीक अंतराने चित्रे काढत नजर ठेवणे हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुईतून उष्णता किंवा गोठवणारी थंडी देऊन जागीच नष्ट करता येतात, मात्र त्यात गाठ पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा थोडी अधिक असते आणि पुन्हा उपचार करावे लागू शकतात. तुमच्या वडिलांची गाठ या मर्यादेच्या बाहेर आहे आणि प्रकृती शस्त्रक्रियेला योग्य दिसते, त्यामुळे हे दोन्ही पर्याय मी त्यांच्यासाठी पुढे करणार नाही.

सुईने तुकडा घेऊन तपासणी, म्हणजे बायॉप्सी, आधी करावी का, असेही विचारले जाते. सुईच्या मार्गाने कर्करोग पसरण्याची भीती अतिरंजित आहे, आधुनिक पद्धतीत असे क्वचितच घडते. पण निष्कर्ष काहीही आला तरी गाठ काढायचीच असे ठरले असेल तर बायॉप्सीने हाती काही लागत नाही. नजर ठेवायची की काढायची याबद्दल मन दोलायमान असेल, गाठ सुईने जाळायची असेल, किंवा दुसऱ्या अवयवाचा कर्करोग, लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) अथवा जंतुसंसर्गाची शंका असेल, तेव्हा ती जरूर करावी.

काही कुटुंबांत हा आजार आनुवंशिक असतो. रुग्ण पंचेचाळिशीच्या आतला असेल, दोन्ही बाजूंना किंवा अनेक गाठी असतील, घरात आणखी कुणाला असा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय सल्ला घ्यावा. व्हॉन हिपेल-लिंडाऊ या विकारात आयुष्यभर नव्या गाठी येत राहतात. तिथे सर्वांत मोठी गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत थांबून मग मूत्रपिंड राखून त्या काढण्याचे धोरण ठेवतात, जेणेकरून शस्त्रक्रियांची संख्या कमी राहावी. मात्र फ्युमरेट हायड्रेटेज या जनुकाच्या दोषातून येणारा कर्करोग लहान असतानाच पसरतो, आणि त्यात असे थांबणे घातक आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी वडिलांच्या बाबतीत करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन, छातीचे चित्र, साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणणे, धूम्रपान असेल तर बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे, विशेषतः हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला असेल तर. सीटी स्कॅनसाठी पुन्हा औषध टोचायचे असल्यास मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हे आधी सांगावे.

नंतर हाती येणाऱ्या पॅथॉलॉजीच्या अहवालात कर्करोगाचा प्रकार, श्रेणी (पेशी किती आक्रमक दिसतात), चरबीत शिरकाव आहे का आणि कापलेली कड स्वच्छ आहे का, हे चार मुद्दे पाहावेत. सर्वाधिक आढळणारा प्रकार क्लिअर सेल. कड स्वच्छ नसल्याचा शेरा थोड्या टक्के अहवालांत येतो आणि तो वाचून घरात आकांत होतो. त्यांपैकी बहुतेकांत पुन्हा गाठ येत नाही, कारण शेरा पुष्कळदा सूक्ष्म स्पर्शापुरता असतो. म्हणून उरलेले मूत्रपिंड लगेच काढण्याऐवजी अधिक जवळून नजर ठेवली जाते, आणि श्रेणी उच्च असेल तर त्या नजरेत ढिलाई करत नाहीत. पुढील किमान पाच वर्षे, जोखमीनुसार सहा ते बारा महिन्यांच्या अंतराने, पोटाची आणि छातीची चित्रे काढावी लागतात. क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब यांची तपासणी मात्र पाच वर्षांनंतरही थांबवायची नाही. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वडिलांनी यापुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. इतक्या कष्टाने राखलेले मूत्रपिंड त्या गोळ्यांनी खराब झालेले मी पाहिले आहे.